मेंदूचे अंदाज आणि मनाचे आजार

डोळे पाहतात आणि कान ऐकतात, अशी आपली रोजची समजूत असते. प्रत्यक्षात मेंदू भोवतालच्या जगाविषयी सतत अंदाज बांधत असतो आणि ज्ञानेंद्रियांकडून येणाऱ्या माहितीशी ते ताडून पाहत असतो. ही पडताळणी बिघडली की काय होते, या प्रश्नाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मनोविकारांच्या अभ्यासाला नवी दिशा दिली आहे. मनोरुग्णांकडे पाहण्याची आपली दृष्टीही त्यामुळे बदलायला हवी.

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर मनमाड मागे पडले की चाळीसगावच्या आधी नांदगाव लागते. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील हे तालुक्याचे गाव. अशा एखाद्या स्थानकात आपली गाडी थांबलेली असते आणि शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते. खिडकीबाहेर पाहत असताना एकाएकी वाटते, गाडी सुटली. शरीर नकळत सावरले जाते. मग दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून फलाटावरचा खांब जागच्या जागी दिसतो आणि उलगडा होतो. हलली ती शेजारची गाडी. आपली अजून तशीच उभी आहे.

रेल्वेने प्रवास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. त्यात मेंदूच्या कामाची सगळी रीत दिसते. डोळ्यांसमोरचे दृश्य एकदम एका दिशेने सरकू लागले. आजवरच्या अनुभवाप्रमाणे असे बहुधा आपण स्वतः पुढे जात असतानाच घडते. म्हणून मेंदूने तसा अंदाज केला आणि तो अंदाजच आपल्याला प्रत्यक्ष अनुभव म्हणून जाणवला. नंतर खांबाचा पुरावा आला आणि अंदाज दुरुस्त झाला. अंदाज, पुरावा आणि दुरुस्ती या तीन पायऱ्यांवर आपले पाहणे, ऐकणे, चालणे-बोलणे आणि बऱ्याच अंशी विचार करणेही उभे आहे. दुरुस्तीची पायरी कच्ची झाली, तर माणूस त्या चुकीच्या जगात अडकून राहतो.

इगतपुरीचा ढग, नांदगावचा ढग

अंदाज आणि पुरावा यांचा मेळ कसा बसतो, हे समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यातीलच दोन गावे पुरेशी आहेत. इगतपुरी सह्याद्रीच्या माथ्यावर, धो धो पावसाची. नांदगाव पर्जन्यछायेतले, पावसाची वाट पाहणारे. आषाढात आभाळात सारखाच काळा ढग आला, तरी इगतपुरीचा माणूस छत्री उघडतो आणि नांदगावचा शेतकरी आभाळाकडे पाहून गप्प राहतो. पुरावा एकच, निष्कर्ष वेगळे. कारण मागचा अनुभव वेगळा आहे. आधीची धारणा आणि नवा पुरावा यांचा हिशेब गणिताने कसा मांडावा, हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या निबंधात प्रथम दिसते. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या हिशेबात कळीचा भाग आहे तो वजनाचा. कोणत्या पुराव्याला किती महत्त्व द्यायचे? पहिल्याच सरीवर विश्वास ठेवून पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट येते. उलट, 'आपल्याकडे पाऊस कुठला पडतोय' या जुन्या धारणेला चिकटून राहिले, तर वाफसा निघून जातो. शेतकऱ्याचे कसब या दोन टोकांमधला तोल साधण्यात असते. मेंदूलाही हाच तोल क्षणोक्षणी साधावा लागतो. अनेक मनोविकारांत तो कुठेतरी ढळलेला असतो, असे आजचे संशोधन सुचवते.

जुनी कल्पना, नवे शास्त्र

आपल्याकडे रज्जुसर्पाचा दृष्टान्त प्राचीन काळापासून सांगितला जातो. अंधारात पडलेला दोर साप भासतो आणि दिवा आणला की साप नाहीसा होतो. वेदान्त्यांनी तो तत्त्वज्ञानासाठी वापरला, पण मानसशास्त्राचे एक तथ्यही त्यात आहे. सापाचा धोका मोठा असतो, म्हणून अपुऱ्या उजेडात मेंदू सापाच्या बाजूने कौल देतो. दोराला साप समजण्याची चूक स्वस्त, सापाला दोर समजण्याची महाग.

आधुनिक विज्ञानात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी मांडली. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या दृष्टिविज्ञानावरील ग्रंथात त्यांनी म्हटले, की पाहणे हे अजाणता केलेले अनुमान आहे. विसाव्या शतकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी संवेदनांची तुलना शास्त्रज्ञाच्या गृहीतकांशी केली. १९९९ मध्ये भारतीय वंशाचे संशोधक राजेश राव आणि त्यांचे सहकारी डॅना बॅलार्ड यांनी मेंदूच्या दृष्टिकेंद्राचे एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. या प्रारूपात मेंदूचे वरचे स्तर खालच्या स्तरांकडे 'आता हे दिसेल' असे भाकीत पाठवतात. खालचे स्तर सगळी माहिती वर धाडत बसत नाहीत. भाकितापेक्षा जे वेगळे निघाले तेवढेच कळवतात. लंडनचे कार्ल फ्रिस्टन यांनी पुढे हाच विचार संपूर्ण मेंदूला लागू करण्याचा प्रयत्न केला.

मेंदूने हा खटाटोप कशासाठी करावा? एक कारण काटकसरीचे आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू शरीराच्या ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा वापरतो. जे अपेक्षित आहे त्यावर पुन्हा खर्च करणे त्याला परवडणारे नाही. दुसरे कारण वेळेचे. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. दिसणे, ठरवणे आणि बॅट फिरवणे हे सारे एकापाठोपाठ करायला तेवढा अवधी फारच तोकडा. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा असे दिसले, की चेंडू हातातून सुटल्यावर नजर त्याचा सतत पाठलाग करत नाही. तो जिथे टप्पा घेईल त्या जागी ती आधीच जाऊन थांबते. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो. म्हणजे तो भविष्यकाळात पाहत असतो.

चुकीतून शिकणारे रसायन

अंदाज चुकला, हे मेंदूला कळते कसे? याचे एक महत्त्वाचे उत्तर स्वित्झर्लंडमध्ये संशोधन करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून मिळाले. माकडाला फळाचा रस मिळाला, की मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशी उत्तेजित होत. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवली, तर काही काळाने या पेशी खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाल्यावर मात्र त्या स्वस्थ राहिल्या. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता त्याच क्षणी त्यांचे काम मंदावले. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ मांडला. या पेशी सुखाची वर्दी देतात, असे मानले जाई. त्या प्रत्यक्षात अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत कळवत असतात.

ही तफावतच शिकवण देते. सारे अपेक्षेप्रमाणे घडले, तर शिकण्यासारखे काही उरत नाही. अनपेक्षित घडले, की मेंदू म्हणतो, 'इकडे लक्ष द्या, येथे काही महत्त्वाचे आहे.' ही हाक कारणाशिवायच वाजू लागली तर?

छिन्नमनस्कता : क्षुल्लकाला आलेले महत्त्व

छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया हा आजार जगात सुमारे तीनशे व्यक्तींमागे एकाला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. आजाराच्या प्रारंभी पुष्कळ रुग्ण एक विलक्षण अवस्था सांगतात. भोवतालचे काहीतरी बदलले आहे, साध्या गोष्टींना गूढ अर्थ आला आहे, असे त्यांना वाटू लागते. रस्त्यावरचा माणूस खाकरला, दूरचित्रवाणीवरील निवेदिकेने एखादा शब्द उच्चारला, शेजाऱ्याने खिडकी लावली, तरी हे सारे आपल्याला उद्देशून आहे, अशी खात्री पटत जाते.

भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये याचे एक स्पष्टीकरण मांडले. या अवस्थेत डोपामीनचा स्राव वेळी-अवेळी होतो. त्यामुळे जिथे दखल घेण्याजोगे काहीच नाही, तिथेही 'हे महत्त्वाचे' अशी मोहोर उमटत राहते. दिवसभर असे अर्थपूर्ण वाटणारे प्रसंग साचले, की मन त्यांचा उलगडा शोधू लागते. 'माझ्यावर पाळत ठेवली जात आहे' हा निष्कर्ष त्या शोधाचा शेवट असतो. बाहेरून तो तर्कदुष्ट दिसतो. रुग्णाच्या बाजूने मात्र तो उपलब्ध पुराव्याचा सुसंगत अर्थ असतो. बिघाड पुराव्याच्या वजनात असतो. प्रत्येक सर ही पावसाळ्याची सुरुवात आहे, असे वाटणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही स्थिती.

स्वतःचे आणि परक्याचे

अंदाजाचा आणखी एक उपयोग मेंदू सतत करतो. 'हे मी केले' आणि 'हे बाहेरून घडले' यांत तो फरक करतो. स्वतःला गुदगुल्या करून पाहा, हसू येत नाही. हात हलवण्याचा आदेश देतानाच मेंदू त्या स्पर्शाचे भाकीत करतो आणि तो स्पर्श येतो तेव्हा त्याची तीव्रता कमी करून टाकतो. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ मध्ये मेंदूची चित्रे घेऊन हे दाखवून दिले. या कामात लहान मेंदूचा वाटा असल्याचे त्यांना आढळले. पुढील प्रयोगांत असे दिसले, की ज्या मनोरुग्णांना आवाज ऐकू येतात किंवा आपले शरीर दुसरेच कोणी चालवते असे वाटते, त्यांना स्वतःचा आणि परक्याचा स्पर्श सारख्याच तीव्रतेने जाणवतो.

बोलण्याच्या बाबतीतही असेच आहे. आपण बोलतो तेव्हा मेंदूतील श्रवणकेंद्राचा प्रतिसाद मंदावतो, कारण स्वतःचा आवाज अपेक्षित असतो. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत हे मंदावणे कमी आढळते. यावरून फ्रिथ यांनी सुचवलेले स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. मनातल्या मनात चाललेल्या स्वतःच्याच बोलण्यावर 'माझे' अशी खूण उमटली नाही, तर ते परक्या कोणाचे वाटू लागते.

भास म्हणजे अपेक्षेचा विजय

भासांचा दुसरा मार्ग प्रबळ अपेक्षेतून जातो. येल विद्यापीठातील अल्बर्ट पॉवर्स, फिलिप कॉर्लेट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना एक चित्र आणि त्याबरोबर एक स्वर वारंवार सादर केला गेला. पुढे स्वर न देता नुसते चित्र दाखवले, तरी काहींना स्वर ऐकू आला. ज्यांना एरवीही आवाज ऐकू येत, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. त्यांच्यातही मनोरुग्ण असलेल्यांना आपली समजूत नव्या पुराव्यानुसार बदलणे अधिक कठीण गेले.

अपेक्षा घडते ती जगण्यातून, म्हणून भासांवरही समाजाची छाप असते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ, घानातील आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी वीस रुग्णांशी त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी संवाद साधला. अमेरिकेतील रुग्णांना आवाज बहुधा हिंसक आणि परके वाटत. चेन्नईतील अनेकांना ते नातेवाइकांचे, घरकाम सांगणारे, रागावणारे आणि कधी समजूत घालणारेही वाटत. आजार एकच असला, तरी त्याला शब्द पुरवते ते घर.

येथे एक कोडेही आहे. मुखवट्याची आतील पोकळ बाजू समोर धरली, तरी निरोगी माणसाला चेहरा बाहेर आलेलाच दिसतो, कारण चेहरा असाच असतो ही अपेक्षा फार घट्ट असते. छिन्नमनस्कतेचे रुग्ण या भ्रमाला तुलनेने कमी फसतात. म्हणजे येथे त्यांची अपेक्षा सैल आणि भासांच्या वेळी मात्र घट्ट! मेंदूच्या निरनिराळ्या स्तरांवर बिघाड वेगवेगळ्या दिशेने होत असावा, असे काही संशोधक मानतात. या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

नैराश्य, चिंता आणि मंत्रचळ

नैराश्यात तोल दुसऱ्या बाजूला झुकतो. 'माझ्याकडून काही होणार नाही' ही धारणा इतकी पक्की असते, की तिला छेद देणारा पुरावा आला तरी तो हिशेबात धरला जात नाही. परीक्षेत यश मिळाले, तर प्रश्नपत्रिका सोपी होती; कोणी कौतुक केले, तर ते उपचारापुरते होते. निरोगी माणूस भविष्याविषयी चांगली बातमी वाईट बातमीपेक्षा अधिक सहजतेने स्वीकारतो, असे प्रयोगांत दिसले आहे. नैराश्याच्या रुग्णांत हा आशावादी कल ओसरलेला असतो. दुष्काळाच्या सवयीने वाफसा आला तरी तिफण न काढणाऱ्या माणसासारखे हे आहे. आळस किंवा इच्छाशक्तीचा अभाव असे नाव देऊन त्याचा उलगडा होत नाही.

चिंताविकारात धोक्याच्या भाकिताला अवास्तव वजन मिळते. छातीत थोडे धडधडले, की हृदयविकाराचा झटका आला असे वाटते, त्या भीतीने धडधड आणखी वाढते आणि भाकीत खरे ठरल्याचा भास होतो. अशी व्यक्ती गर्दी, लिफ्ट, लोकलचा प्रवास टाळू लागते. टाळण्याने तात्पुरते बरे वाटते, पण नुकसान मोठे होते. लिफ्टमध्ये पाऊलच टाकले नाही, तर 'काही वाईट घडले नाही' हा पुरावा मेंदूला मिळणार कसा? अंदाज दुरुस्त होण्याची संधीच नाहीशी होते.

मंत्रचळात म्हणजे ओसीडीमध्ये हात धुतले तरी 'स्वच्छ झाले' ही पोचपावती मनाला मिळत नाही. कुलूप लावलेले दिसते, पण खात्री पटत नाही. स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे. त्याकडेही काही संशोधक याच चष्म्यातून पाहतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे सुचवले, की स्वमग्न व्यक्तींना पुढे काय घडेल याचे भाकीत करणे कठीण जात असावे. तसे असेल, तर प्रत्येक आवाज, प्रत्येक प्रकाश त्यांना नव्याने आदळत असणार. ठरलेला दिनक्रम आणि त्याच त्या कृती यांचा आग्रह त्या गोंधळात आधार शोधण्याचा प्रयत्न ठरतो.

सर्पगंधेपासून आजच्या गोळ्यांपर्यंत

या साऱ्या विज्ञानाच्या मागे एक भारतीय वनस्पती उभी आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांची माहिती दिली.

रेसरपीन दिलेले प्राणी निश्चल होतात आणि एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. त्यातूनच डोपामीन हा मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे सिद्ध होत गेले. या कामासाठी कार्लसन यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेसरपीन दुष्परिणामांमुळे मनोविकारांच्या उपचारांतून मागे पडले. १९५२ पासून वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझीनने आणि त्यानंतरच्या औषधांनी त्याची जागा घेतली. यांतील बहुतेक औषधे मेंदूतील डोपामीनचे संदेश अडवतात. भाकितांच्या भाषेत सांगायचे, तर कारण नसताना वाजणारी घंटा ती मंद करतात.

औषध सुरू झाले तरी रुग्णाचा संशय लगेच का जात नाही, याचा उलगडाही येथे होतो. औषधाने नवी घंटा वाजणे थांबते. आधी रचले गेलेले स्पष्टीकरण मात्र मनात राहते. ते हळूहळू, नव्या अनुभवांच्या आधारे सैल होते. हा काळ आठवड्यांचा किंवा महिन्यांचाही असू शकतो. 'गोळ्यांनी गुण येत नाही' म्हणून मध्येच औषध सोडणारी कुटुंबे नेमकी याच टप्प्यावर चुकतात.

बोलण्याच्या उपचारांनाही या विचाराने नवा अर्थ मिळतो. चिंताविकारात भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवतात, ते अंदाज खोटा ठरू देण्यासाठीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. 'सगळे माझ्या मनाप्रमाणे घडलेच पाहिजे' यासारख्या हट्टी धारणा तपासून बदलणे, हा तिचा गाभा. त्यालाही भाकितांची दुरुस्तीच म्हणता येईल.

घरच्यांनी काय करावे?

ज्या घरात हा आजार येतो, तेथे पहिला प्रयत्न असतो समजूत घालण्याचा, वाद घालण्याचा. 'अरे, कोणी नाही बाहेर, बघ' असे आई-वडील मुलाला शंभर वेळा सांगतात. उपयोग होत नाही, कारण त्याच्या मेंदूत संशयाचे वजन आई-वडिलांच्या शब्दापेक्षा मोठे झालेले असते. फार ताणले, तर आई-वडीलही कटात सामील आहेत, असा नवा निष्कर्ष निघतो. हो ला हो करणेही योग्य नाही. 'तुला भीती वाटते, हे मला दिसते. मला तो आवाज ऐकू येत नाही, पण आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ' अशी भाषा अधिक उपयोगाची ठरते. अनुभव नाकारू नये आणि त्याच्या स्पष्टीकरणाला दुजोराही देऊ नये.

या बाबतीत महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेल्या रुग्णाने हा विषय मराठी घराघरांत नेला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था, आयपीएच, उपचाराबरोबरच लोकशिक्षणाचे काम करते.

नांदगावहून उपचार किती दूर?

तरीही नांदगावसारख्या तालुक्यातून पाहिले, तर अंतर मोठे आहे. राज्यातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. नांदगावहून त्यांपैकी एकही दोनशे किलोमीटरच्या आत नाही. या अंतरात देवऋषी, अंगारे-धुपारे आणि मांत्रिक भेटतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, पण तिचे निष्कर्ष आपल्यालाही विचार करायला लावणारे आहेत. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते.

उशिराची किंमत असते. छिन्नमनस्कतेत उपचारांविना जितका अधिक काळ जातो, तितके पुढचे बरे होणे अवघड होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रयस्थानाला लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले, ही या उपेक्षेची परिसीमा होती. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने अशा रुग्णांना साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे आणि उपचार हा हक्क मानला आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. त्यामुळे तालुक्याच्या गावातूनही निदान पहिला सल्ला तरी मिळू शकतो.

मर्यादांचे भान

भाकीत करणाऱ्या मेंदूची ही कल्पना आकर्षक असली, तरी ती मनोविकारांचे अंतिम उत्तर नाही. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, व्यसने, गरिबी आणि एकाकीपणा यांचा वाटा तिने पुसला जात नाही. ही तफावत मोजून एखाद्याला कोणता आजार आहे, हे सांगणारी रक्ताची किंवा मेंदूची चाचणी आजही नाही. निदान डॉक्टर रुग्णाशी आणि कुटुंबाशी बोलूनच करतात. प्रत्येक विकाराला हेच एक स्पष्टीकरण लावता आले, तर ते कशाचेच नेमके स्पष्टीकरण नव्हे, ही टीकाही रास्त आहे.

पण या विचाराने एक गोष्ट नक्की दिली आहे. निरोगी मन आणि आजारी मन यांच्यामध्ये आपण उभी केलेली भिंत तिने पातळ केली. नांदगावच्या फलाटावर आपली गाडी सुटली असे वाटणारा प्रवासी आणि शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटणारा रुग्ण, दोघांचाही मेंदू तेच काम करत असतो. पहिल्याला लगेच खांब दिसतो. दुसऱ्याला तो दिसावा म्हणून औषध, वेळ आणि माणसे लागतात. पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि पेरणी वाया गेली, तर गाव त्या शेतकऱ्याला वेडा म्हणत नाही. बियाणे उसने देते. मनाच्या आजारात अडकलेल्या माणसालाही समाजाने तेवढेच द्यायला हवे.

लक्षणे केव्हा गांभीर्याने घ्यावीत?

- तरुण मुलगा वा मुलगी काही आठवडे एकलकोंडी राहत असेल, अभ्यास वा काम सोडत असेल, झोप बिघडली असेल.
- साध्या घटनांना गूढ अर्थ जोडणे, सतत संशय, नसलेले आवाज ऐकू येणे.
- दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, कशातच रस न वाटणे.
- भीतीमुळे ठिकाणे, प्रवास, माणसे टाळण्याचे प्रमाण वाढत जाणे.
- जगणे नकोसे झाल्याची भाषा. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. तातडीने डॉक्टरांशी किंवा १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा.
- सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.